६१७४ हा आकडा आपल्या गावचा आहे

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, नाशिक महानगरपालिका,
आणि नाशिक, नाशिकरोड, देवळाली, पंचवटी, सातपूर, सिडको इथल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक

विषय : गणित दिन सभागृहातून बाहेर, रस्त्यावर आणि घाटावर आणण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडला सातवी-आठवीच्या वर्गांना गणित शिकवते. या कामाला २४ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच असं उघड पत्र लिहिते आहे, त्याला कारण एका मुलाचं एक वाक्य.

२२ डिसेंबर ही श्रीनिवास रामानुजन यांची जयंती. २०१२ पासून हा दिवस आपण राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळतो. गेल्या वेळी एका शाळेने मला प्रश्नमंजूषेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. प्रतिमापूजन झालं, पाहुण्यांचं भाषण झालं, मग व्यासपीठावर सहा मुलं बसली आणि खाली सतरंजीवर तीनेकशे. स्पर्धा चांगली रंगली, पण फक्त वर. शेवटच्या रांगेतला एक मुलगा सतरंजीचे दोरे उपसत बसला होता. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला विचारलं, तू का नाही भाग घेतलास? तो सहज म्हणाला, "बाई, ते हुशार पोरांचं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, खंतही नव्हती. शाळेचा गणवेश निळा असतो, तसं गणित हुशारांचं असतं, एवढं साधं. मला ते फार लागलं, कारण मीही कित्येक वर्षं गणित दिन असाच केला आहे. ही तक्रार म्हणूनच कोणा एका शाळेवर नाही. आपण सगळ्यांनी मिळून या दिवसाची आणखी एक परीक्षा करून ठेवली आहे, आणि तीही नाशिकमध्ये. ज्या गावाच्या मातीत गणित आहे त्या गावात.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. देवळालीचंच घ्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षं देवळालीच्या शाळेत मास्तर होते. जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. वर्गात शिकवायचं आणि उरलेला वेळ आकड्यांशी खेळायचं. आपल्याकडच्या अनेक विद्वानांना ते काम किरकोळ वाटलं. गुरुजी मात्र पदरचे पैसे घालून परिषदांना जात आणि आपली टिपणं स्वतःच छापत. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते नाव जगभर गेलं. १९८६ मध्ये गुरुजी गेले. आज जगातल्या कुठल्याही देशात अंकांच्या गमतींचं पुस्तक उघडा, ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हटलेलं सापडेल. माझ्या वर्गातल्या ४२ मुलांपैकी हे नाव किती जणांनी ऐकलं होतं, तर तिघांनी.

म्हणून गेल्या १७ जानेवारीला मी एक केलं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवीचा वर्ग शाळेच्या फाटकाबाहेर रिक्षा स्टँडवर नेला. प्रत्येकाच्या हातात पाटी किंवा वहीचा कागद. नियम एवढाच की समोर दिसेल त्या गाडीचे शेवटचे चार आकडे घ्यायचे. ते उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने लावून लहानात लहान. मोठीतून लहान वजा करायची. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तसंच. कुठे थांबायचं, हे मी सांगितलं नव्हतं.

मुली एका रिक्षाभोवती घोटाळायला लागल्या तसे रिक्षावाले काका दचकून म्हणाले, "काय गं, चलान फाडताय काय?"

"नाही काका, तुमचा नंबर किती पायऱ्यांत घरी पोचतो ते बघतोय."

काकांच्या रिक्षाच्या नंबरपाटीवर ३८५२ होतं. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. पोरगी गोंधळली, परत करून पाहिलं, परत तेच. तोवर पलीकडून एक मुलगा ओरडला, "बाई, माझंपण ६१७४ आलं!" मग तिसरा. मग सगळा स्टँड. १९४९ साली गुरुजींना जे सापडलं ते हेच: चारही आकडे सारखे नसतील तर कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती ६१७४ ला येऊन थांबते. तीनच अंक उरले तर पुढे शून्य मांडायचं, एवढं लक्षात ठेवायचं. काकांची रिक्षा एका पायरीत पोचली म्हणून ते खूश, शेजारच्यांना चिडवायला मोकळे. त्यांच्यातल्या एकाने स्वतः वहीच्या मागच्या पानावर मांडायला घेतलं आणि अडकला. ८७३० मधून ०३७८ वजा करून त्याने ८४६२ लिहिलं होतं. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी वाकून म्हणाली, "दादा, आकड्यांची बेरीज २० येतेय. ती नऊच्या पटीत यायला पाहिजे. तुमचा हातचा चुकलाय." तेच आकडे उलटसुलट मांडून वजाबाकी केली की उत्तराला नऊने भाग जातोच, हे तिने अर्ध्या तासात स्वतः हेरलं होतं. मी फळ्यावर हे चार वेळा शिकवलं असेल. चारही वेळा तिने ते नुसतं उतरवून घेतलं होतं.

तेवढ्यात ७७७७ नंबरची एक मोटार आली. ७७७७ मधून ७७७७ गेले, शून्य. पहिल्याच पायरीला खेळ खलास. पोरं अशी ओरडली की मोटारवाल्याने काच खाली करून काय झालं म्हणून विचारलं, आणि मुलांनी त्याला भर रस्त्यात गणित समजावून सांगितलं.

हातच्याची वजाबाकी त्या दिवशी प्रत्येकाने निदान पंधरा-वीस वेळा केली असेल. गृहपाठ म्हणून एवढी दिली असती तर दुसऱ्या दिवशी पालकांचे फोन आले असते.

मग मुलांनीच पुढचं काढलं. पिनकोड. नाशिक शहराचा ४२२००१, त्यातले शेवटचे चार २००१, तीन पायऱ्या. नाशिकरोड ४२२१०१, चार पायऱ्या. पंचवटी ४२२००३, पाच. आणि देवळाली ४२२४०१. मांडून बघा: २४०१ वरून ४०८६, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. बरोब्बर सात. जास्तीत जास्त जितक्या पायऱ्या लागू शकतात तितक्या, आणि त्या गुरुजींच्याच गावाला. गुरुजींचं जन्मवर्ष १९०५ घेतलं तरी सातच. दुसऱ्या पायरीलाच ते देवळालीच्या वाटेला लागतं, ८१७२ पासून पुढचा रस्ता एकच. हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. योगायोग आहे, मला माहीत आहे. सात पायऱ्यांच्या संख्या पुष्कळ आहेत. पण मुलांच्या मनात देवळाली आणि ६१७४ एकदा जोडले गेले ते गेले.

गुरुजींनी आणखीही नावं ठेवली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १८ हर्षद आहे, २१ आहे. ६१७४ सुद्धा आहे, कारण ६+१+७+४ म्हणजे १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३, सात गुणिले सात गुणिले सात. दुसऱ्या एका जातीला त्यांनी स्वयंभू म्हटलं. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, १५ मधून १+५ मिळवून २१ येते तशी. पण २० अशी कुठूनच येत नाही, तिला आईबाप नाहीत. या स्वयंभू संख्यांना जगात 'देवळाली संख्या' असंही म्हणतात. आपल्या एका उपनगराचं नाव गणिताच्या शब्दकोशात आहे, आणि देवळालीत उतरणाऱ्या माणसाला ते कुठेही लिहिलेलं दिसत नाही.

आता पांडवलेणी. आपण सहल नेतो, डबे खातो, फोटो काढतो, परत येतो. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्यात चक्क सरळव्याज आहे. उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून दिले आणि ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, गुंतवले. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या, २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असं दगडात कोरलेलं आहे.

मी सातवीच्या मुलांना लेण्यासमोर बसवून फक्त मुद्दल आणि दर सांगितले. शेकड्याला एक, म्हणजे २,००० ला महिन्याला २०. वर्षाचे २४०. भिक्षू २०. "प्रत्येकी १२," एक जण म्हणाला. तेव्हा मी सांगितलं की तुझ्या मागच्या भिंतीवरही १२ च लिहिलंय. तो वळला, भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, हिशेब जुळला!" जणू त्या विणकरांचा मुनीम तोच होता. दुसऱ्या एका ओळीत ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण (सोन्याचं नाणं), असा भागाकार आहे. तोही मुलांनी तपासला, तोही जुळला.

आणि हे आकडे नुसते हिशेबाचे नाहीत. अंकांचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत जुन्या भारतीय अंकांचे तक्ते असतात, त्यात नाशिकच्या लेण्यांतल्या अंकांचा स्वतंत्र रकाना असतो. त्या लेखनात शून्य नाही. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. मुलांना त्या खुणांनी एक साधी बेरीज मांडायला सांगा. पाचच मिनिटांत ती दमतात, आणि शून्याने आपल्यावर केवढे उपकार केलेत ते भाषण न देता कळतं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा समजली. १९व्या शतकात ए. एच. फ्रॉस्ट नावाचे एक इंग्रज मिशनरी नाशिकमध्ये राहत होते. जादूच्या चौरसांचा त्यांना नाद. काही चौरसांत उभ्या, आडव्या ओळी आणि दोन मोठे कर्ण यांच्याबरोबर मधेच तुटून पलीकडच्या कडेने पुढे चालू होणारे कर्णही तीच बेरीज देतात. अशा चौरसांना फ्रॉस्टसाहेबांनी आपल्या गावाचं नाव दिलं, 'नाशिक चौरस'. इंग्लंडच्या गणिती नियतकालिकांत ते नाव छापून आलं. असे चौरस आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात असा एक कोरलेला आहे आणि नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त जादूच्या चौरसांवर अख्खं प्रकरण आहे. पण नाव मात्र नाशिकचं. खजुराहोचा तो चौरस असा:

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

कुठूनही ३४. शाळेच्या मैदानात फक्कीने १६ घरं आखा, १६ मुलांच्या गळ्यात १६ आकडे अडकवा आणि उभं करा. मग सगळ्यात वरच्या ओळीला सांगा, चला, खाली जाऊन उभे राहा. बाकीच्यांनी पुन्हा बेरजा करायच्या. ३४ च. डावीकडची उभी ओळ उजवीकडे नेली तरी ३४. जवळच्या कुठल्याही चार घरांचा चौकोन घ्या, ३४. मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून ती परत परत हलतात, परत परत मोजतात. लंगडीच्या तासाएवढा दंगा होतो.

बाकीचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला सगळ्यांना ते सुचेलच. १४ मार्चला, आंतरराष्ट्रीय गणित दिनाला, भांडी बाजारात सुतळी घेऊन जायचं. तांब्या, पातेलं, परात, घंगाळ, काहीही, परीघ मोजून व्यासाने भागायचं. प्रत्येक वेळी तीनच्या जरासं पुढे. २८ सेंटीमीटर व्यासाच्या पातेल्याला ८८ सेंटीमीटर सुतळी लागते, हे दुकानदारालाही पाहून बरं वाटतं. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंची सावलीवरून काढता येते: शेजारी मीटरभर काठी उभी करायची, दोन्ही सावल्या मोजायच्या. पुराचं पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावर अख्खं नाशिक पूर मोजतं, मग तो मारुती किती उंच आहे हे मुलांनी एकदा स्वतः का काढू नये? संध्याकाळी आजी-आजोबांना बोलवावं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे ज्यांना पाठ आहेत अशी ही शेवटची पिढी. अडीच किलोचे पैसे ते तोंडी सांगतात आणि नातवंडं मोबाईल शोधतात.

रांगोळीसाठी मात्र मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या वर्गातल्या मुली तिथे सगळ्यांत पुढे असतात आणि आपण जे करतो ते गणित आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. 'पंधरा ते आठ' ठिपक्यांची रांगोळी, म्हणजे मधल्या ओळीत १५ आणि दोन्ही बाजूंनी एकेक कमी करत ८ पर्यंत. एकूण ठिपके किती? एकेक मोजणारी मुलगी दमते. जोड्या लावणारी पटकन सांगते, १६९. आता सगळ्यात लहानापासून सुरू करा: एक ठिपका, मग 'तीन ते दोन'चे ७, 'पाच ते तीन'चे १९, 'सात ते चार'चे ३७. हे मिळवत चला. १, ८, २७, ६४. सगळे घन. असं का होतं? ठिपक्यांच्या जागी छोटे ठोकळे मांडून घनाच्या एका कोपऱ्याकडून पाहिलं की कळतं. एक मुलगी हे घरी आईला दाखवून आली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, आईला विश्वासच बसेना की ती दर दिवाळीला घन काढते.

माझी मागणी मोठी नाही. २२ डिसेंबर ते १७ जानेवारी, रामानुजन ते कापरेकर, हे २७ दिवस नाशिकमध्ये गणिताची जत्रा म्हणून जाहीर करा. (२७ हीसुद्धा हर्षद संख्या आहे.) प्रत्येक शाळेने आठवड्यातला एक तास, फक्त एकच, फाटकाबाहेर न्यावा: घाट, बाजार, लेणी, रिक्षा स्टँड, जे जवळ असेल ते. एका रविवारी गोदाघाटावर फरसबंदीवर खडूने चौरस आणि रांगोळ्या काढायची परवानगी द्या. येणारी-जाणारी माणसं आपोआप थांबतात, हे मी पाहिलं आहे. देवळालीत आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी मराठीत एकेक फलक लावा. खर्च म्हणाल तर खडू, सुतळी आणि फक्की.

एक विनंती मात्र हात जोडून आहे. यात बक्षीस ठेवू नका. पहिला, दुसरा, तिसरा काढू नका, ढालही नको. ज्या क्षणी क्रमांक येतो त्या क्षणी सतरंजीवरचा तो मुलगा परत शेवटच्या रांगेत जाऊन बसतो.

अभ्यासक्रम राहतो, असं काही सहकारी म्हणतील. त्यांची अडचण खरी आहे, माझाही राहतो. पण त्या रिक्षा स्टँडनंतर माझ्या वर्गात वजाबाकीच्या उजळणीचे तीन तास वाचले, आणि लेण्यांनंतर सरळव्याजाचं सूत्र मला पाठ करून घ्यावं लागलं नाही. सातवी-आठवीसाठी वापरलेले खेळ, त्यांचे नियम आणि कुठे मुलं अडखळतात त्याच्या नोंदी माझ्या वहीत आहेत. कुठल्याही शाळेला ती वही द्यायला मी तयार आहे. शनिवारी दुपारनंतर स्वतः येऊन करूनही दाखवीन.

सतरंजीवरच्या त्या मुलाला मी यंदा १७ जानेवारीला देवळालीला घेऊन जाणार आहे. त्याच्या वडिलांची रिक्षा आहे. नंबर त्याने मला आधीच सांगितलाय, आणि पायऱ्या किती ते सांगायला नकार दिलाय.

आपली,
नाशिकरोडची एक गणित शिक्षिका